मुखपृष्ठ फाडलेले पुस्तक

माझ्या संग्रहातल्या सर्वांत स्वस्त पुस्तकाला मुखपृष्ठ नाही. रॉबर्ट हॉवर्ड या अमेरिकी लेखकाच्या ‘कोनन द ॲडव्हेंचरर’ची ही लॅन्सर प्रकाशनाची पेपरबॅक आवृत्ती. सत्तरच्या दशकात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर ती हाती आली, तेव्हा वरचा कागद कुणीतरी कण्याजवळून नीट फाडून काढला होता आणि पुस्तकाची सुरुवात आतल्या शीर्षकपानापासूनच होत होती. विक्रेत्याला विचारले, तर तो म्हणाला, “अशीच येतात. वाचायला कव्हर कशाला लागतं?”

हे फाडणे म्हणजे अमेरिकी पुस्तकव्यापारातला रोजचा हिशेब होता, हे पुढे कळले. न खपलेले स्वस्त पुस्तक प्रकाशकाकडे परत पाठवण्याचा खर्च पुस्तकापेक्षा जड. म्हणून विक्रेता नुसते मुखपृष्ठ फाडून पुरावा म्हणून परत करी आणि तेवढे पैसे वळते करून घेई. उरलेले पुस्तक त्याने नष्ट करायचे असे. सगळीच काही नष्ट होत नसत; काही रद्दीच्या वाटेने कुठल्या कुठे पोचत. व्यापाराच्या दृष्टीने मुखपृष्ठ ही पावती होती आणि पुस्तक हा कागद.

त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे मी अद्भुतचित्रे आणि चित्रकथा जमवत आलो. त्यात मूळ चित्र एकही नाही. ती आपल्या खिशाची गोष्ट नव्हती आणि आता तर मुळीच नाही. आहेत ती मासिके, पेपरबॅक, भित्तिपत्रके, कात्रणे. अशा संग्राहकाला कधी ना कधी एक प्रश्न पडतोच: आपण जमवतो ते नेमके काय? मुखपृष्ठ म्हणजे आतल्या कथेचे चित्र म्हणावे, तर कथेपासून ते सहज फाडता येते. मूळ चित्राची छापील नक्कल म्हणावे, तर ती जपण्यात काय अर्थ? फ्रँक फ्रझेटा या एकाच चित्रकाराच्या आधाराने हा प्रश्न तपासायचा प्रयत्न करतो. त्याच्या बाबतीत या दोन्ही समजुती टिकत नाहीत असे माझे मत आहे.

आधी कथेकडे पाहू. माझ्या त्या फाटक्या पुस्तकातली सर्वांत मोठी कथा ‘द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’. ‘वीअर्ड टेल्स’ या मासिकात ती 1934 मध्ये क्रमशः आली होती. कोनन हा हॉवर्डने कल्पिलेल्या, इतिहासापूर्वीच्या एका युगातला भटक्या योद्धा. या कथेत तो वायव्य सरहद्दीसारख्या डोंगराळ मुलुखात टोळीप्रमुख होऊन बसला आहे आणि त्या डोंगरांच्या पायथ्याशी वेंध्या नावाचे राज्य आहे. विंध्य, अयोध्या, पेशावर, हिमालय, क्षत्रिय अशा कानांवरून गेलेल्या शब्दांची मोडतोड करून टेक्सासमधल्या एका गावी बसलेल्या तरुणाने हा भूगोल रचला. फुटपाथवरून आणलेल्या इंग्रजी पुस्तकात अचानक अयोध्या भेटल्यावर मला जे हसू आले होते, ते अजून आठवते.

पण या कथेचे खरे बळ यास्मिना आहे. वेंध्याची ही राणी. तिला सगळे ‘देवी’ म्हणतात. तिचा भाऊ, म्हणजे राजा, जादूटोण्याने मरणपंथाला लागलेला असतो. आत्मा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तो बहिणीलाच आपल्याला मारायला सांगतो आणि ती मारते. पुढे सूड घेण्यासाठी ती स्वतः सरहद्दीवरच्या किल्ल्यात येते. कैदेत असलेल्या कोननच्या सात सरदारांच्या जोरावर त्याला वाकवण्याचा तिचा डाव असतो. कोनन रात्री किल्ल्यात शिरतो आणि तिलाच उचलून नेतो. मधल्या प्रकरणांत हॉवर्ड तिला घाबरवतो, कोननला बिलगायलाही लावतो. त्या काळच्या मासिकी कथेचा तो हिशेबच होता. पण शेवटी ती आपल्या घोडदळाकडे आणि राज्याकडे परत जाते. दोघे बरोबरीने बोलतात, बरोबरीने निरोप घेतात. कोननही इथे नुसता मारामारी करणारा नाही. तो घासाघीस करतो, माणसे ओळखतो, सारखा बोलत असतो.

मुखपृष्ठ नसल्यामुळे हे दोघे मी माझ्या मनाने रंगवले होते. 1975 मध्ये फ्रझेटाच्या चित्रांचे पहिले मोठे पुस्तक अमेरिकेत निघाले. बऱ्याच वर्षांनी ते एका मित्राकडे चाळायला मिळाले, तेव्हा मला समजले की माझ्या प्रतीवरून फाडलेला कागद कोणता होता.

चित्रात कोनन एका ढिगाऱ्यावर उभा आहे. तलवार टोकावर खाली रोवलेली, हात तिच्या मुठीवर टेकलेला. पायाशी एक स्त्री त्याच्या पायाला बिलगून आडवी. मागे तांबूस-पिवळा धूर, त्यात कवट्या आणि आकृत्या असल्यासारख्या नसल्यासारख्या. पुस्तकातल्या कुठल्याही कथेतला हा प्रसंग नाही. पायाशी पडलेली ती यास्मिना नाही आणि इतर कुठल्या कथेतली नायिकाही नाही. माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. भावाला स्वतःच्या हाताने मुक्त करणाऱ्या, सेनेच्या पुढे घोड्यावर बसणाऱ्या राणीच्या कथेवर हे लोळण घेणारे शरीर कुणी डकवले?

फ्रझेटाने पुढे मुलाखतीत सरळ कबूल केले, की त्याने ही पुस्तके वाचलीच नव्हती. त्याने आपल्या मनाचा कोनन काढला. वाचकांनी तक्रार केली नाही, बहुधा त्यांनीही वाचली नसावीत, असा खवचट शेराही त्याने मारला. म्हणजे चित्रकाराने कथा न वाचता चित्र काढले आणि मी चित्र न पाहता कथा वाचली. व्यवहार फिटला म्हणायचा.

पण रागावूनही मी ते पान उलटू शकलो नाही. हे का होते, ते चित्राच्या बांधणीतूनच सांगावे लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे या चित्रात काहीही घडत नाही. मारामारीच्या पुस्तकावर मारामारी नाही. जे व्हायचे ते होऊन गेले आहे, किंवा अजून व्हायचे आहे. कोननचे वजन एका पायावर आहे आणि देह किंचित सैल आहे. पण तो सैलपणा दमलेल्या माणसाचा की झेप घेण्याआधीच्या जनावराचा, हे ठरवता येत नाही. 1973 सालचे ‘डेथ डीलर’ हे त्याचे आणखी गाजलेले चित्र पाहा. शिंगांचे शिरस्त्राण घातलेला स्वार, हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, वर गिधाडे. आणि घोडा उभा, मान खाली घालून, जणू चरायला निघालेला. शिरस्त्राणाखाली चेहरा नाही, अंधार आहे. त्या अंधारात दोन लाल ठिपके. सगळी भीती त्या थांबलेल्या घोड्यात आहे. घोडा उधळलेला दाखवला असता, तर हे चित्र शेकडो चित्रांतले एक झाले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे काय रंगवायचे नाही, हे या माणसाला पक्के ठाऊक होते. कोननच्या पायाखालचा ढिगारा जवळून पाहा. वरच्या भागात एखादी कवटी, एखादा हात ओळखू येतो. खाली जावे तसे सगळे मातकट रंगात विरघळते आणि तळाशी नुसते कुंचल्याचे फटकारे उरतात. प्रकाश छाती, खांदा आणि हाताच्या स्नायूंवर तेवढा पडतो. बाकीचे आपण भरतो. पेपरबॅकचे मुखपृष्ठ जेमतेम सव्वाचार इंच रुंद आणि सात इंच उंच. स्टँडवर शेकडो पुस्तकांत ते दोन हातांवरून दिसायला हवे. एवढ्या जागेत बारकावे भरले तर चिखल होतो. एक त्रिकोणी आकार, एक प्रकाश आणि वर शीर्षकासाठी मोकळा धूर एवढेच फ्रझेटा ठेवतो. हे चित्र मोठ्या आकारात पाहिले तरी त्याची रचना छोट्या पानाचीच आहे, हे लपत नाही.

ही शिस्त त्याला कॉमिक्सनी लावली. 1928 मध्ये ब्रुकलिनमध्ये जन्मलेला फ्रझेटा आठव्या वर्षापासून मिकेले फालांगा या इटालियन चित्रकाराच्या छोट्याशा शाळेत शिकला आणि सोळाव्या वर्षाच्या आसपास कॉमिक्सच्या धंद्यात उतरला. गमतीची प्राणीचित्रे, काउबॉय, रानातले वीर, सगळे केले. पन्नाशीच्या दशकात बराच काळ तो ॲल कॅपच्या ‘लिल ॲब्नर’ या चित्रमालिकेची पाने निनावी काढत होता. कॅपची रेषा गोलमटोल, विनोदी. दुसऱ्याची रेषा आपल्या हातात इतकी वर्षे वागवली की स्वतःची परत मिळवायला त्रास होतो, आणि तसा तो झाला. 1961 मध्ये तिथून बाहेर पडल्यावर कॉमिक्सवाल्यांना त्याचे काम जुने वाटू लागले होते. मग रॉय क्रेंकेल या मित्राने त्याला एस प्रकाशनाकडे नेले. तिथे एडगर राइस बरोजच्या टारझन वगैरे पुस्तकांची मुखपृष्ठे निघत होती. रंगीत मुखपृष्ठांच्या या कामातून चार-पाच वर्षांत कोनन उभा राहिला. 1966 मध्ये विज्ञानकथेच्या जगातला ह्युगो पुरस्कारही त्याला मिळाला.

त्याआधीचा एक प्रसंग मात्र वेगळा सांगायला हवा, कारण माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे सुरू होते. अमेरिकी कॉमिक्समध्ये चित्रकार पानावर पैसे घेई आणि पान प्रकाशकाचे होई. छापून झाल्यावर ती मूळ पाने कपाटात पडत, कुणाला भेट जात, नाही तर कचऱ्यात. फ्रझेटाचे ‘बक रॉजर्स’साठी काढलेले एक मुखपृष्ठ फार हिंसक म्हणून नाकारले गेले. त्यात किरकोळ फेरफार करून त्याने ते ईसी कॉमिक्सच्या विल्यम गेन्सला दाखवले. गेन्सचा शिरस्ता मूळ चित्र स्वतःकडे ठेवण्याचा होता. फ्रझेटाने कमी मोबदला घेतला आणि चित्र फक्त छापण्यापुरते दिले. 1955 मध्ये ‘वीअर्ड सायन्स-फँटसी’च्या 29व्या अंकावर ते आले आणि मूळ चित्र फ्रझेटाच्या घरी परत गेले. त्या धंद्यात त्या काळी ही जवळजवळ उद्धटपणाची गोष्ट होती. मला मात्र त्याच्या एकूण कारकिर्दीतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो.

हीच अट त्याने पुढे लावून धरली. जेम्स वॉरनची ‘क्रीपी’ आणि ‘ईरी’ ही भयकथांची मासिके पैसे बेताचे देत. पण ती कृष्णधवल आणि मोठ्या आकाराची, म्हणजे कॉमिक्सऐवजी मासिकांत मोडणारी. त्यामुळे 1954 पासून कॉमिक्सवर बसलेली आचारसंहिता त्यांना लागू नव्हती. तिथे फ्रझेटाला हवे ते रंगवता येई आणि चित्र परत मिळे. पत्नी एली हिने पुढे ही चित्रे जपली, भित्तिपत्रकांचा व्यवसाय उभा केला. पेनसिल्व्हेनियात त्यांचे स्वतःचे संग्रहालय झाले. 2009 मध्ये एली गेली, पाठोपाठ मुलांमधला वाद कोर्टात पोचला आणि 2010 मध्ये तो मिटला. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रझेटाही गेला. ज्या चित्रांसाठी प्रकाशकांशी भांडण केले, तीच घरातल्या भांडणाचे कारण झाली. असो.

आता ‘इजिप्शियन क्वीन’. खांबाला टेकून उभी राणी, जवळ बिबट्या, मागच्या अंधारात शस्त्रधारी पहारेकरी. ‘ईरी’च्या 23व्या अंकावर 1969 मध्ये हे चित्र आले. पन्नास वर्षांनी, 2019 मध्ये, मूळ चित्र शिकागोच्या लिलावात 54 लाख डॉलरना गेले. वृत्तपत्रांनी विक्रमाचा आकडा छापला. आमच्यासारख्यांना आधीपासून माहीत असलेली गोष्ट त्या आकड्यामागे दडली: लिलावात विकले गेलेले चित्र आणि 1969 मध्ये वाचकांनी विकत घेतलेले चित्र तंतोतंत एक नाही. घरी परत आलेल्या चित्रांवर पुन्हा हात फिरवायची फ्रझेटाला सवय होती. या राणीचा चेहरा त्याने छापून झाल्यावर नव्याने रंगवला. पहिला चेहरा त्याखाली गेला. तो आज डोळ्यांनी पाहायचा असेल, तर मासिकाची ती जुनी, पिवळी पडलेली प्रतच काढावी लागते.

हे कळल्यावर ‘मूळ’ या शब्दाबद्दलचा माझा न्यूनगंड बराच कमी झाला. मूळ चित्र स्वतःकडे असल्यामुळेच चित्रकार ते बदलू शकला, आणि बदलल्यामुळेच छापील अंक हा पहिल्या अवस्थेचा साक्षीदार ठरला. मालकीच्या अटीतून असेही काही निघेल, हे गेन्सशी घासाघीस करणाऱ्या तरुण फ्रझेटाच्या मनातही आले नसेल. नव्या चेहऱ्याचे चित्र जास्त चांगले आहे का? फ्रझेटाला तसे वाटले असणार. मला पहिले अधिक आवडते, पण यात माझी जुन्या अंकावरची माया किती आणि पारख किती, हे मला सांगता यायचे नाही.

त्याच्या चित्रांतले जे खटकते, त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. त्याच्या बायका जवळजवळ नेहमी विवस्त्रतेच्या काठावर असतात. सावळ्या, काळ्या देहाची माणसे पुष्कळदा पहारेकरी, सेवक, नाही तर अंधारातून आलेले संकट म्हणूनच भेटतात. हॉवर्डच्या कथांतही वंशांची हीच उतरंड आहे, आणि वेंध्याच्या देवीला मान देणारा लेखक इतर पानांवर तो मान कुणाकुणाला नाकारतो, हे भारतीय वाचकाने नजरेआड करू नये. एक फरक मात्र नोंदवतो. फ्रझेटाच्या स्त्रीला वजन असते; ती जमिनीवर टेकलेली असते. त्याच्यानंतर या प्रांतात आलेल्या बोरिस वायेहोच्या चित्रांत देह तेलाने पुसल्यासारखे चकचकतात, प्रत्येक स्नायूवर सारखाच उजेड असतो. कौशल्य निर्विवाद आहे. पण तिथे पाहणाऱ्याला काही करायचे उरत नाही.

मराठी वाचकाला ही तुलना परकी वाटू नये. रघुवीर मुळगावकरांची स्प्रेने फवारलेली तुकतुकीत कांती आणि दीनानाथ दलालांची मोजकी, बोलकी रेषा यांवरून आपल्याकडेही दोन तट पडत. मी दलालांच्या बाजूचा. तरीही बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरची मुळगावकरांची मुखपृष्ठे आठवली की मान्य करावे लागते, की कित्येक वाचकांच्या मनातला झुंजार अर्नाळकरांनी लिहिला तेवढाच मुळगावकरांनी रंगवला. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्येही आत ली फॉकच्या वेताळाची अमेरिकी रेखाटने असत, तर सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठे मुंबईत गोविंद यांनी रंगवलेली. आतला वेताळ आणि बाहेरचा वेताळ वेगळ्या हातांचे आहेत, याने एकाही पोराचे काही अडले नाही.

आणि फाडणे? तेही आपल्याकडे होतेच. सार्वजनिक वाचनालयात नवे पुस्तक आले की बाइंडर आधी मुखपृष्ठ काढून टाकी, मग पुठ्ठा, कण्याला कापडी पट्टी आणि त्यावर हाताने लिहिलेला दाखल क्रमांक. पुस्तक टिकावे हा हेतू चांगलाच होता. पण एके काळी हजारांनी वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या आज मिळतात त्या पुष्कळदा अशा बोडक्या. साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही, कारण त्याला मजकूर पुरतो. पण त्या वाचकाने पुस्तक हातात घेतले तेव्हा त्याला काय दिसले, काय पाहून त्याने ते उचलले, हा पुरावा बाइंडरच्या टोपलीत गेला. दलाल-मुळगावकरांच्या कामाची सालवार, आवृत्तीवार, छापील प्रतींवरून केलेली यादी कुणीतरी करायला हवी आणि ती मूळ चित्रांची वाट पाहत थांबू नये. दुसऱ्या आवृत्तीला मुखपृष्ठ बदलले का, ब्लॉक झिजल्यावर रंग कसे उतरले, अशा गोष्टी तिथेच सापडतील.

‘कोनन द ॲडव्हेंचरर’ची मुखपृष्ठासह प्रत मला पुढे मिळाली. त्याच आवृत्तीची, एक कोपरा दुमडलेली. चित्राच्या मोठ्या, सुबक छपाया माझ्याकडे आहेत. पण छोट्या पानावर, शीर्षकाच्या अक्षरांखाली, किंचित सरकलेल्या छपाईत तो ढिगारा जेवढा काळोखा दिसतो, तेवढा तो मोठ्या छपाईत दिसत नाही. फाटकी प्रतही मी ठेवली आहे. कण्याचा गोंद वाळून तिची पाने सुटायला लागली आहेत. आमच्या बाइंडरने ती शिवून, नव्या प्रतीवरून मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स काढून वर लावून देतो म्हटले. मी शिवून घेतली. झेरॉक्स नको म्हणालो. यास्मिनाची गोष्ट पुन्हा वाचायची असली की मी अजून तीच प्रत काढतो.